अंड्याचे ट्रे आणि आप्पासाहेबांचा आवाज

पहिल्यांदा एक खुलासा करतो. आमच्या घरी अंडी खात नाहीत. आजोबांच्या काळी खात नव्हते, वडिलांच्या काळी खात नव्हते आणि गेल्या संकष्टीला भर सकाळी अकरा वाजता स्कूटरला अंड्यांचे चाळीस ट्रे बांधून मी मारुतीच्या पारावरून गेलो, त्या दिवशीही खात नव्हते. ट्रे रिकामे होते. हे मी पारावर बसलेल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलं आहे. पण माणूस जितका खुलासा करतो तितका संशय वाढतो, हा माझा साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातला बत्तीस वर्षांचा अनुभव. उशिरा आलेला कामगार "सायकल पंक्चर झाली" एवढंच म्हणाला तर आम्ही सोडून द्यायचो. पंक्चर काढणाऱ्याचं नाव-गाव सांगायला लागला की अर्धा दिवस कापायचो.

तर ते ट्रे मी आणले आप्पासाहेबांच्या आवाजासाठी.

आमचं गाव बेलापूरच्या पुढे, प्रवरेच्या काठाला. गावात भजनी मंडळ आहे आणि त्यात मी पेटी वाजवतो. चांगली वाजवतो असं माझं मत आहे. मंडळाचं मत असं की कुलकर्णींच्या घरची पेटी चांगली आहे. पण गाणारे आप्पासाहेब. वय एकाहत्तर, दिवसभर ऊस आणि गायी, संध्याकाळी अंघोळ करून पांढरी टोपी घालून देवळात. बोलताना हा माणूस दिवसाला पन्नास शब्द खर्च करत नाही. गायला लागला की सगळं देऊळ भरून जातं. मी तीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसून वाजवतो आहे आणि अजूनही त्यांचा वरचा सूर लागला की माझी बोटं एखादी पट्टी विसरतात.

एका एकादशीला भजन संपलं, द्रोणांतून साबुदाण्याची खिचडी फिरायला लागली, आणि आप्पासाहेब सहज म्हणाले, "फुडच्या एकादसीला मी न्हाई. नगरला दवाखान्यात हाय. गळ्यात गाठ निघाली. काढनार म्हनत्यात. डॉक्टर म्हनला, म्हैन्याभरानं बोलाल, पर गायचं इसरा."

एवढं बोलून ते खिचडीकडे वळले. बाकी कुणाचा घास पुढे जाईना. मृदंगवाला भागवत उगाच मृदंगाची वादी ओढत बसला. अशा शांततेत कुणीतरी काहीतरी बोलावं लागतं, आणि आयुष्यभर अशा वेळी तोंड उघडणारा माणूस मीच आहे.

"आपण रेकॉर्डिंग करू," मी म्हणालो. "आमच्या घरी, कॉम्प्युटरवर. स्टुडिओसारखं."

आता मोबाईल सगळ्यांकडे आहेत. आप्पासाहेबांच्या भजनाच्या मोबाईलवरच्या क्लिपा गावात शंभर तरी निघतील. पण त्या सगळ्यांत नुसते टाळ ऐकू येतात आणि मागे कुठेतरी आप्पासाहेब असावेत असा अंदाज करावा लागतो.

छबूबाई, म्हणजे आप्पासाहेबांच्या मंडळी, दाराशी खिचडीचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. आमच्या मंडळात बायका बसत नाहीत. त्या दाराबाहेर ओट्यावर बसून ऐकतात. त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

"भाऊ, म्हंजी ह्येंचा आवाज ऱ्हाईल?"

"राहील, वहिनी."

"किती साल?"

"शंभर वर्षं," मी म्हणालो. कॉम्प्युटरवर आत्तापर्यंत मी दोनच कामं केली होती, लाइट बिल भरणं आणि मंडळाचा वार्षिक अहवाल टाइप करणं. पण शब्द गेला तो गेला.

लॅपटॉप आमच्या मुलीचा, रुचाचा. ती पुण्याला नोकरी करते. तिने नवा घेतला आणि जुना आम्हाला दिला. त्यावर मी फुकटात मिळणारं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि शिकवणीचा एक व्हिडिओ लावला. एक दाढीवाला तरुण हिंदीत सांगत होता की घरच्या घरी स्टुडिओ करायला फक्त चार गोष्टी लागतात: कॉम्प्युटर, साधा यूएसबी माईक, हेडफोन आणि शांत खोली. पहिल्या तीन घरपोच मिळतात. चौथी कुठेच विकत मिळत नाही, हे त्याने शेवटच्या मिनिटात सांगितलं. तोपर्यंत मी माईक मागवून बसलो होतो.

माईक घरपोचही आला नाही. कुरिअरवाल्याचा फोन आला, "लँडमार्क सांगा." मी म्हटलं, मारुतीचं देऊळ. तो म्हणाला, मी तीन गावं फिरलो काका, सगळीकडं मारुती हाय. शेवटी मीच बेलापूरला जाऊन स्टँडवरून पार्सल आणलं. बोलणाऱ्याच्या तोंडची फुंकर अडवायला माईकपुढे जाळी लागते. ती विजयाने भरतकामाच्या रिंगमध्ये जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा ताणून तयार केली. या सगळ्या प्रकल्पात पहिल्या झटक्यात यशस्वी झालेली ही एकच वस्तू, आणि ती माझ्या बायकोने केलेली आहे. ती मला याची आठवण करून देत नाही. नुसती बघते.

मधल्या खोलीत मी टाळी वाजवून पाहिली. आवाज घुमला. व्हिडिओतला तरुण म्हणाला होता, घुमायला नको. म्हणून सल्ला घ्यायला मी वैजनाथकडे गेलो. वैजनाथ आमच्या शेजारी राहतो, त्याचा मंडप आणि साउंडचा धंदा. आवाज लांब कसा जाईल याचा अभ्यास करण्यात त्याची हयात गेली. मी त्याला आवाज खोलीत कसा राहील ते विचारत होतो. पण आपल्याकडे सल्ला मागितला आणि समोरचा "मला माहीत नाही" म्हणाला असं कधी होत नाही.

"अंड्याचे ट्रे लावा काका भिंतीला," तो म्हणाला. "मी स्टुडिओत बघितलेत. आवाज ट्रेच्या खड्ड्यात जातो आन् तिथंच बसतो."

फाट्यावरच्या अंडीवाल्याने चाळीस ट्रे आनंदाने दिले. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे. पारावर कुणीतरी विचारलं, "काय कुलकर्णी, घाऊक?" आणि मी थांबून खुलासा करायला लागलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळपर्यंत गावात तीन बातम्या झाल्या होत्या: मला डॉक्टरांनी अंडी सांगितली आहेत, आम्ही पोल्ट्री टाकतो आहोत, आणि विजया माहेरी जाणार आहे.

विजया माहेरी गेली नाही. तिने ट्रे मागच्या दाराने आत घेतले, एकेकावर गोमूत्र शिंपडलं आणि मगच भिंतीला लावू दिले. त्यामुळे ट्रे ओले झाले आणि त्यांना डिंक धरेना. मी खळ लावली. खळीने धरल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळ आलं. मी आप्पासाहेब आणि भागवत अशा दोघांनाच बोलावलं होतं. पण भजन आहे म्हटल्यावर दोघे येतील असं समजणं हा माझा दोष. चौदा माणसं आली. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा माणसं, दहा टाळ, एक पेटी, एक मृदंग आणि मध्ये माईक. पहिला तासभर चहा, आणि आधी कुठला अभंग घ्यायचा यावर चर्चा. मग गजर सुरू झाला. स्क्रीनवरची हिरवी रेघ उसळून लाल झाली आणि लालच राहिली. दुसऱ्या कडव्याला खळीने आपला शब्द मोडला. एक ट्रे सुटला, मग त्याच्या शेजारचा, आणि मग टाळकऱ्यांच्या डोक्यांवर ट्रे पडायला लागले. पण आमच्या मंडळाची शिस्त अशी, की गजर अर्ध्यात सोडायचा नाही. दहा माणसं डोक्यावर ट्रे घेऊन गात राहिली.

ऐकून पाहिलं. टाळ, टाळ आणि टाळ. एके ठिकाणी मांजर.

"टाळ कमी करावे लागतील," मी हळूच म्हणालो.

खोली थंड पडली. टाळ कमी करायचे म्हणजे कुणाचे? ज्याला बाहेर बसवायचं त्याने उद्या माझ्या घरचं पाणीही घेतलं नसतं. शेवटी आप्पासाहेबांनीच सोडवलं. "त्ये म्हनत्यात तसं करू," ते म्हणाले. "मिशिनीचं काम हाय. मिशिनीला मानपान न्हाई." टाळकरी गेले, पण जाताना प्रत्येक जण ट्रेकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघून गेला.

राहिला भागवत. व्हिडिओतल्या तरुणाने सांगितलं होतं की कॉम्प्युटर कानात टिकटिक वाजवतो, त्या लयीत आधी साज वाजवून घ्यायचा आणि मग त्यावर गायकाने गायचं. मी भागवतच्या कानाला हेडफोन लावला. त्याने टिकटिक ऐकली, हेडफोन काढला, मृदंगाला गवसणी घातली.

"माझ्या आज्यानं मिरदंग वाजिवला, बापानं वाजिवला," तो म्हणाला. "आन् आता ह्यो डबा मला लय शिकिवनार?"

भागवत गेला. रुसला म्हणजे चांगलाच रुसला. मी एकट्यानेच पेटीवर साथ करायचं ठरवलं आणि आप्पासाहेबांना हेडफोन लावायला गेलो, तर टोपी आड आली. देवाचं नाव उघड्या डोक्याने घ्यायचं नाही, म्हणून टोपी निघेना. टोपीवर हेडफोन राहीना. मी टोपीवरून उपरणं बांधून हेडफोन जागेवर ठेवला. त्यात पेटीचा सूर कॉम्प्युटरमधून फिरून त्यांच्या कानात जरा उशिराने पोचायचा.

"कुलकर्नी, पेटी मागं ऱ्हाती."

"मशीनमध्ये तेवढा वेळ जातो, आप्पा. सगळ्यांचाच जातो."

"म्हंजी आपल्या यष्टीवानी," ते म्हणाले, आणि वाट बघत बसले.

त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर घंटागाडी आली. ओला कचरा, सुका कचरा वेगळा ठेवण्याबद्दलचं गाणं आमच्या गल्लीत बरोबर सव्वादोनला येतं आणि तीन फेऱ्या मारून जातं. बाकीच्या वेळी काय? सकाळी पाण्याच्या मोटारी, मग पिठाची गिरणी, संध्याकाळी गायी, मग देवळाचा स्पीकर. आमचं गाव दुपारी दोन ते तीन या एका तासापुरतं गप्प असतं, आणि तेवढ्यातच ग्रामपंचायत स्वच्छता करते.

मी अर्ज करायचं ठरवलं. कारखान्यात मी हजारो अर्ज फेटाळले आहेत. अर्ज कसा असावा हे मला कळतं. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तो आदराने वाचला.

"गाणं बंद ठेवायचा अर्ज आपल्याकडं नसतो," ते म्हणाले. "ध्वनिक्षेपक लावायचा असतो."

"पण मला वाजवायचं नाही. कुणी वाजवू नये एवढंच पाहिजे."

"मग ह्याच फॉर्मवर भरा. कारणाच्या रकान्यात तसं लिहा. पोलीस पाटलांचा ना हरकत दाखला जोडा."

पोलीस पाटील म्हणाले, शांततेला माझी हरकत असायचं कारण काय? आणि सही द्यायला दोन खेपा लावल्या. मी फॉर्म भरला. कार्यक्रमाचा प्रकार: शांतता. अपेक्षित गर्दी: एक. भोंग्यांची संख्या: शून्य. भाऊसाहेबांनी कॉम्प्युटरमध्ये माहिती भरली आणि मान हलवली. "सिस्टीम शून्य घेत नाही. दोन टाकतो. ते आपलं कागदावर."

कागदावरचं कागदावर राहत नाही, हे मला कळायला हवं होतं. परवान्याची प्रत नियमाप्रमाणे फलकावर लागली. गावात भोंगे एकट्या वैजनाथकडे. त्याने ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला टेम्पो आमच्या दारात लावून वर दोन भोंगे चढवले.

"काका, सांगायचं तरी. परवाना निघाल्याचं मला फलकावर कळावं?" तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "शेजारी काय कामाचा मग?"

त्याला थांबवेपर्यंत त्याने माईकची वायर जोडूनही टाकली होती. एक शिट्टी अशी निघाली की गल्लीतली सगळी कुत्री एका जागी जमली. आप्पासाहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. कानांत हेडफोन होता. भोंगे बघून माणसं जमली. माणसं बघून भेळवाला थांबला. घंटागाडीच्या ड्रायव्हरला परवान्याबद्दल काहीच कळवलेलं नव्हतं. आपलं गाणं ऐकू जात नाही असं वाटून त्याने ते मोठं केलं. आप्पासाहेबांनी दोनदा सूर लावला. दुसऱ्यांदा तो मध्येच तुटला. तीस वर्षांत मी त्यांचा सूर तुटलेला ऐकला नव्हता. ते उठले, उपरणं सोडलं, हेडफोन माझ्या हातात दिला.

"असूं द्या आता, कुलकर्नी."

मला रडायला आलं. साठी उलटलेल्या माणसाला अंड्यांच्या ट्रेंसमोर रडायला यावं, याच्यासारखी लाज नाही. एका माणसाचा आवाज जाणार होता, मी तो ठेवून देतो म्हणून सांगितलं होतं, आणि हातात एक दिवस उरला होता.

त्या रात्रीच विजयाने छबूबाईंना फोन केला. काय बोलली मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता आप्पासाहेब आणि छबूबाई दोघेच आमच्याकडे आले. नगरला घेऊन जाणारी जीप साडेतीनला आमच्याच दारात येणार होती, संध्याकाळी भरती व्हायचं होतं. कपड्यांची पिशवी त्यांच्या हातात होती. विजया घंटागाडीच्या ड्रायव्हरला गल्लीच्या तोंडाशी गाठून चहाला घेऊन बसली. जे काम मला परवान्याने जमलं नाही ते तिने कांदेपोहे देऊन केलं.

आत आम्ही तिघे. मी ट्रे काढून टाकले होते आणि भिंतीला गोधड्या लावल्या होत्या. हेडफोन नाही, टिकटिक नाही. छबूबाई सवयीने दाराबाहेर बसल्या. मी लाल बटण दाबलं आणि म्हटलं, "आप्पा, आवाज किती येतोय बघतो. काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

आप्पासाहेबांना काहीही बोलता येत नाही. ते माईककडे बघत राहिले.

"नाव घ्या वहिनींचं," मी म्हणालो. "उखाणा घ्या. लग्नात घेतला असेल की."

"लग्नात बी घ्येतला न्हवता. लाज वाटली."

"मग आता घ्या. खोलीत कोण आहे?"

खोलीत खरंच कोणी नव्हतं. दाराबाहेर होत्या त्या सोडून. पन्नास वर्षं हा माणूस बायकोला "ऐकलं का" म्हणून हाक मारत आला होता. त्यांनी टोपी सारखी केली, खाकरले आणि माईकला हळूच म्हणाले, "परवराच्या पाटाला पानी, ऊस लावला आडसाली, छबू आली घरात, आन् घराला आली खुशाली."

बाहेर बांगड्या वाजल्या. मग काही वाजलं नाही.

"झालं का?" आप्पासाहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "आता म्हनू?"

मी पुन्हा लाल बटण दाबलं, पेटी ओढली, सूर धरला. आप्पासाहेबांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. भजनात पुढचा एक ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलतात. उचलायला कोणी नव्हतं. मी सगळ्यांना घालवून दिलं होतं.

"मागं कुनी न्हाई तर मला फुडं जाता येत न्हाई," ते म्हणाले.

तेवढ्यात दारातून ओळ आली. बारीक आवाज, पण सुरात. छबूबाई दाराआड बसूनच म्हणत होत्या. पन्नास वर्षं ओट्यावर बसून त्यांना सगळी भजनं पाठ झाली होती, आणि ते मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. आप्पासाहेबांनी मान वळवली नाही. त्यांनी दुसरी ओळ धरली. त्या दिवशी ते जे गायले ते मी पुन्हा ऐकणार नाही. वरच्या सुराला गेले तेव्हा मी डोळे मिटून वाजवत होतो. जीप येऊन हॉर्न देईपर्यंत आम्ही थांबलो नाही.

निघताना छबूबाईंनी विचारलं, "ऱ्हाईलं ना भाऊ त्यात?"

"राहिलं," मी म्हणालो.

जीप गेली. मी लॅपटॉपकडे आलो. फाइल चार मिनिटांची होती. ज्याला कुणाला रेकॉर्डिंग येतं त्याच्या लक्षात एव्हाना आलं असेल. लाल बटण पहिल्यांदा दाबलं की सुरू होतं. दुसऱ्यांदा दाबलं की बंद होतं. आवाज बघायला मी सुरू केलं, आणि भजनाला बंद केलं. खाकरणं होतं, उखाणा होता, बांगड्या होत्या. "आता म्हनू?" होतं. पुढे काही नव्हतं.

पुढचे दहा दिवस मी पारावरून जाणं टाळलं. पण गाव काही मला टाळत नव्हतं. रुसलेला भागवतसुद्धा दारात आला. "झालं का रेकॉर्डिंग?" मी म्हणायचो, "मिक्सिंग चालू आहे." हा शब्द मी व्हिडिओत ऐकला होता. लोकांना तो एवढा पटला की पारावर कुणाचं कुठलंही काम रखडलं की मिक्सिंग चालू आहे असं म्हणायला लागले. विजयाला मी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आप्पासाहेब घरी आल्याचं कळलं तेव्हा तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि माझ्या हातात दिला. "चला," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

आप्पासाहेब ओसरीवर खाटेवर बसले होते. गळ्याला पट्टी, मांडीवर नातवाची पाटी. महिनाभर बोलायचं नव्हतं. बोलता येईल, पण घोगरं, आणि गाणं नाहीच, असं छबूबाईंनी सांगितलं. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. बटण, दोनदा दाबणं, चार मिनिटं. सायकल, पंक्चर, काही लावलं नाही. शेवटी म्हटलं, "आप्पा, मी तुमचा आवाज घालवला."

आप्पासाहेबांनी पेन्सिल उचलली. मग पाटीवर लिहिलं: आवाज डॉक्टरनं घालवला. तुम्ही कशाला बढाई मारता.

मला हसावं की रडावं कळेना. छबूबाई म्हणाल्या, "मंग त्या चार मिंटात हाय तरी काय?"

मी लावलं. खाकरणं झालं. "लग्नात बी घ्येतला न्हवता" झालं. मग पाटाला पाणी आलं, आडसाली ऊस आला, आणि आप्पासाहेबांचा ऑपरेशनच्या आधीचा आवाज ओसरीवर स्वच्छ म्हणाला, छबू.

छबूबाई जिथे उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या.

आप्पासाहेबांनी घाईघाईने काहीतरी लिहिलं आणि पाटी माझ्यापुढे धरली. छबूबाईंना वाचता येत नाही. "काय लिवलंय ओ?"

पाटीवर लिहिलं होतं: बंद करा.

"पुन्हा लावा म्हणतात," मी म्हणालो.

आप्पासाहेबांनी माझ्यावर डोळे वटारले. आवाज नसलेल्या माणसाला भांडताही येत नाही. मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. विजया पदराने डोळे टिपत होती.

"भजन काय भाऊ," छबूबाई म्हणाल्या, "त्ये समद्या गावाच्या कानात हाय. ह्ये माझ्या कानात कवा न्हवतं." मग त्या म्हणाल्या, "मी दरसाल हळदीकुकवाला ह्येंचं नाव घेते. पर तितं समद्या बायाच. ह्येंनी कवा ऐकलंय?"

विजयाने पिशवीतून माईक काढला. मी तो आणला नव्हता. तिने आणला होता. तिने तो खाटेच्या कडेवर ठेवला आणि वायर जोडली. मी लाल बटण एकदा दाबलं आणि हात मागे बांधून बसलो.

छबूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. माईककडे बघितलंच नाही, आप्पासाहेबांकडे बघून म्हणाल्या, "पन्नास वर्सं ऐकलं भजन दाराआड ऱ्हाऊन, आप्पासाहेबांचं नाव घेते आज म्होरं यिऊन."

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. टोपी काढून तिच्या काठाने डोळे पुसले. मग बाहीने पाटी पुसली, सावकाश एक शब्द लिहिला आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

"आता काय लिवलंय?" छबूबाईंनी विचारलं.

"पुन्हा म्हणतात."

"खरं सांगा. मगाशी तुमी खोटं सांगितलं, मला कळतंय."

मी पाटी विजयापुढे धरली. विजयाने वाचली.

"खरंच, वहिनी," ती म्हणाली. "पुन्हा असंच लिहिलंय."